मगदूम सरांच्या फळ्याची उजवी बाजू

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर मी कोण हे तुम्हाला चटकन ओळखू येणार नाही. माझ्या काळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत. एक कड वाळवीनं खाल्ली आहे. कुणीतरी माझ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबा टांगून ठेवल्या आहेत. पण मी फळा आहे. लाकडी, जुना, गणिताचा फळा. माझ्यावर कधी सुविचार लिहिला गेला नाही की कधी नदीचा उगम काढला गेला नाही. जन्मभर मी फक्त आकडे आणि चिन्हं अंगावर वागवली.

माझं लाकूड मलकापूरच्या बाजूचं, सागवानी. कोल्हापुरात बादशहा मिस्त्रींच्या दुकानात मला आकार आला. मिस्त्री हाडाचे सुतार. रंधा मारून झाला की एक डोळा मिटायचे आणि दुसरा डोळा माझ्या कडेला लावून दूरपर्यंत बघायचे. कुठं तसूभर उंचवटा दिसला की पुन्हा रंधा. कोळशाची पूड आणि भोपळ्याच्या पानांचा रस खलून त्यांनी मला हातानं काळं केलं. मला न्यायला आलेल्या माणसाला ते म्हणाले, "ह्यावर खडू नुसता पळंल सर, करकरणार न्हाय. शब्द हाय माझा."

तो माणूस म्हणजे महावीर मगदूम सर. मूळचे जयसिंगपूरचे. राजारामपुरीत एका दुकानाच्या माडीवर त्यांनी गणिताचा क्लास काढला होता. अरुंद लाकडी जिना, वर एक लांबट खोली, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि समोरच्या भिंतीवर मी. सकाळी खिडकीतून ऊन आलं की सर पहिला खडू उचलायचे. माझे ते दिवस फार सुखाचे गेले.

सरांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. त्यातही वर्गमूळाचं चिन्ह काढावं तर त्यांनीच. आधी बारीक चोच, मग खाली उतरणारा पाय, मग सरळ चढ आणि मग उजवीकडे लांबच लांब आडवी रेघ. त्या रेघेला ते छप्पर म्हणायचे. "छपराखाली कोण हाय आणि उघड्यावर कोण हाय, ते आधी बघा," असं त्यांचं पहिलं सांगणं असायचं.

लिमिटचा धडा आला की पोरं घाबरायची. सर माझ्यावर लिहायचे: वर, अंशात, 'क्ष अधिक तीन' याचं वर्गमूळ वजा दोन, खाली, छेदात, क्ष वजा एक. आणि क्ष चाललाय एकाकडं. पोरं लगेच क्षच्या जागी एक घालायची. चाराचं वर्गमूळ दोन, दोनातून दोन गेले शून्य. खालीही शून्य. मग सगळा वर्ग सरांकडं बघायचा.

"शून्यावर शून्य आलं म्हंजे उत्तर शून्य न्हवं," सर म्हणायचे. "उत्तरच न्हाई, असंबी न्हवं. त्याचा अर्थ एवढाच, की आपण अजून नीट बघितलं न्हाई. वर आणि खाली एकच कुणीतरी लपून बसलाय आणि तोच दोघांना शून्य करतोय. त्याला बाहेर काढा."

मग ते वर्गमूळाचा जोडीदार आणायचे. मधली वजाबाकी होती तिथं बेरीज करायची आणि त्यानं वर-खाली गुणायचं. वरचं वर्गमूळ सुटायचं, 'क्ष अधिक तीन' मधून चार जायचे आणि क्ष वजा एक उघडा पडायचा. तोच खालीही असायचा. दोघं कटले की उत्तर समोर: एक चतुर्थांश. पोरांच्या तोंडून "आयला!" निघायचं आणि सर डस्टर आपटून हसायचे.

अशी बरीच वर्षं गेली. अकरावी-बारावी नव्यानंच सुरू झाली होती आणि आमच्या क्लासला बसायला बाक पुरत नव्हते. त्याच वर्षी दिवाळीनंतर मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं.

आधी माझ्या उजव्या कडेला खडू येईनासा झाला.

सर डावीकडून सुरुवात करायचे, नेहमीसारखी. पण ओळ पूर्वी माझ्या शेवटच्या टोकापर्यंत धावायची, ती आता आधीच वळून खाली यायला लागली. पहिल्यांदा हातभर जागा मोकळी राहिली. मग त्याहून जास्त. सर पुसायचे तेव्हाही डस्टर तिथवर पोचायचं नाही. कधीकाळी लिहिलेल्या एका गणिताची शेपटी तिथं तशीच राहिली आणि दिवसांमागून दिवस तिच्यावर धूळ बसत गेली. माझ्या अंगाचा एक भाग मेल्यासारखा झाला होता. मी फळा. मला बोलता येत नव्हतं.

मग बाकीच्या गोष्टी. बाहेर पडताना सरांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला धडकायला लागला. टेबलावर उजवीकडे ठेवलेला चहाचा कप हाताचा धक्का लागून पडायचा. "कुणी ठेवला रे हितं?" सर खेकसायचे. पूर्वी ते कधी खेकसत नसत. आता ते मधेच कपाळ दाबून धरत, डोळे मिटून घेत आणि पुन्हा खडू उचलत.

आणि एके सकाळी छप्पर तुटलं.

सरांनी तेच गणित लिहिलं, हजारदा लिहिलेलं. पण वर्गमूळाची आडवी रेघ क्षवरच संपली. अधिक तीन उघड्यावर राहिलं. जोतीराम नावाचा एक मुलगा होता, पन्हाळ्याकडून रोज एस.टी.नं यायचा. तो उभा राहिला.

"सर, क्षच्या जागी एक घातला तर वर दोन येतंय. शून्य येत न्हाय."

"चाराचं वर्गमूळ किती?"

"दोन."

"दोनातनं दोन गेले?"

"पर सर, चार हायत कुठं? छपराखाली एकटा क्ष हाय. तीन भायेर हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची नजर ओळखत होतो. ती क्षवर आली आणि तिथंच थांबली. "डोळे फुटलेत काय रे तुझे?" ते ओरडले. "क्ष अधिक तीनाचं वर्गमूळ लिहिलंय की धडधडीत! बस खाली."

जोतीराम बसला. त्यानं फळ्यावर होतं तसंच वहीत उतरवलं, कारण सर चुकतील हे त्याला खरंच वाटत नव्हतं. कॉलेजच्या परीक्षेत त्यानं तशीच आखूड छपरं काढली आणि सपशेल नापास झाला. त्याचे वडील जिन्याखाली उभं राहून मोठ्यानं बोलून गेले. गल्लीनं ऐकलं. लोक म्हणायला लागले, मगदूम सर प्यायला लागलेत. जो माणूस दिवस मावळायच्या आत जेवायचा आणि पाणीसुद्धा गाळून प्यायचा, त्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. बाक रिकामे होऊ लागले. सर मात्र भरल्या वर्गासमोर शिकवावं तसं शिकवत राहिले, अर्ध्या फळ्यावर.

उरलेल्यांत जोतीराम होता, आणि एक मुलगी होती, जरीना. ज्या बादशहा मिस्त्रींनी मला घडवलं, त्यांची ही लेक. खिडकीशेजारच्या पहिल्या बाकावर बसायची, बोलायची कमी. बापासारखीच एक डोळा बारीक करून बघायची सवय. ती काही दिवस गणित सोडून सरांकडेच बघत होती. एकदा सर यायच्या आधी ती उठली, माझ्याजवळ आली आणि त्या धूळ बसलेल्या उजव्या कडेला तिनं ठळक अक्षरांत लिहिलं:

'सर, इकडे बघा.'

पोरं फिदीफिदी हसली. आता मार बसणार, म्हणून सगळे सरसावून बसले.

सर आले. डाव्या टोकाशी उभे राहिले. लिहायला लागले. ओळ आली, थांबली, खाली वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. ती अक्षरं हाताच्या अंतरावर होती. पोरं आधी तोंड दाबून हसत होती. मग एकेकाचं हसणं विरत गेलं. तास संपेपर्यंत त्या खोलीत खडूचा आवाज तेवढा उरला. शेवटी सरांनी मला पुसलं, निम्म्याच्या थोडं पुढंपर्यंत, हात झटकले आणि निघाले. चौकटीला खांदा धडकल्याचा आवाज आला. माझ्यावर ते शब्द तसेच होते.

"ह्ये काय हाय गं?" जोतीरामनं विचारलं.

"फळ्याकडं तोंड असलं की त्यांना खिडकीची बाजू दिसत न्हाई," जरीना म्हणाली. "आणि आपल्याकडं तोंड केलं की दाराची. तुम्ही दाराकडची पोरं हात वर करता, तुम्हाला ते कधी विचारत न्हाईत. जागा बदलती, पर बाजू तीच. त्यांची उजवी बाजूच जातीया."

"मग ते स्कूटर कशी चालवत्यात?"

खाली रस्त्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

सरांच्या पत्नी पद्मावतीकाकी दुपारच्या आधी खोली झाडायला यायच्या. त्या दिवशी जरीना थांबून राहिली. तिनं माझ्यावरचे शब्द दाखवले आणि सगळं सांगितलं. काकींचा केरसुणीचा हात थांबला. त्या बाकावर बसल्या.

"ताटात उजवीकडं भाजी वाढल्याली असती," त्या हळूच म्हणाल्या, "आणि हे विचारत्यात, आज भाजी केली न्हाईस व्हय? मला वाटलं, माझी चेष्टा करत्यात. मग वाटलं, माझ्यावर राग हाय. मी ताट फिरवून ठेवायला लागले, म्हंजे कटकट नको. कुणाला सांगू गं? ऐकतील काय ते?"

"काकी, दवाखान्यात न्यायला पायजे. आजच."

"कुणाला दवाखान्यात न्यायचंय?"

दारात सर उभे होते. चष्मा विसरला म्हणून परत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"डोळे तपासून आलोय मी," ते म्हणाले. "शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचलीय. पोरं पळाली, लोक नाही नाही ते बोलले, ते कमी होतं म्हणून आता तू घरात शिरलीस? उद्यापासून क्लासला यायचं न्हाई. आणि पद्मावती, रविवारी जयसिंगपूरला लग्नाला जायचंय. स्कूटरवरनंच जायचंय. मागं बसायचं असंल तर बस."

जरीना खाली मान घालून निघून गेली. काकींनी केरसुणी उचलली, पण झाडलं नाही. मित्रांनो, जयसिंगपूरचा रस्ता तेव्हा अरुंद होता आणि ऊस भरलेले ट्रक त्यावरून सतत धावायचे. समोरून येणारं प्रत्येक वाहन उजवीकडूनच यायचं. मला रस्ता कधी दिसला नाही. पण पोरांच्या बोलण्यातून मी तो ओळखत होतो, आणि त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. बादशहा मिस्त्री आले होते. मागे जरीना, तोंड सुकलेलं.

"मिस्त्री, तुमच्या पोरीला मी नको म्हणून सांगितलंय," सर म्हणाले.

"व्हय सर. शिकवू नका तिला. तिचं एक गणित तेवढं तपासा, मग आम्ही जातो."

सरांना गणिताला नाही म्हणता येत नसे. जरीनानं खडू घेतला. तिनं तेच जुनं गणित मांडलं, पण माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोठ्या अक्षरांत. 'क्ष अधिक तीन' डाव्या अर्ध्यात, त्यावर पूर्ण छप्पर. खाली, डावीकडेच, क्ष वजा एक. आणि 'वजा दोन' मात्र तिनं पार उजवीकडे लिहिलं, त्या मेलेल्या कडेवर. मग ती बाजूला झाली.

सरांनी वाचलं. क्षणभर विचार केला. "एक घातला तर वर चाराचं वर्गमूळ, म्हंजे दोन. खाली शून्य. ह्याला लिमिट मिळायची न्हाई. गणित चुकीचं उतरवलंयस तू."

"सर, वर वजा दोन हाय," जोतीराम बसल्या जागेवरून म्हणाला.

"कुठं हाय?"

जरीना पुढं आली. तिनं सरांचा हात धरला आणि त्यांचं बोट छपराच्या रेघेवर ठेवलं. मग ती त्यांना हळूहळू उजवीकडे चालवत घेऊन गेली. माझ्या अंगावरून ते बोट सरकत होतं. छप्पर संपलं. कोरी जागा लागली. सरांचं बोट तिथं थांबू पाहत होतं. तिनं थांबू दिलं नाही. आणखी पुढं. आणि मग सरांनी मान वळवली.

समोर वजा दोन होतं.

सरांनी त्या आकड्यावर तळवा टेकला, जणू तो पळून जाईल. त्याच्या खाली, पुसट झालेले पण वाचता येण्यासारखे ते तीन शब्द होते. तेही त्यांनी वाचले.

"हे कधी लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी, सर."

"आणि मी तासभर..."

"व्हय सर."

सरांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या खालच्या फळीवर, खडूंच्या शेजारी ठेवली. "मिस्त्री," ते म्हणाले, "मला मिरजेला घेऊन चला. आणि पद्मावतीला माझ्या डाव्या बाजूला बसवा. मला ती दिसायला पायजे."

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात गाठ आहे. डोळ्यांत काही दोष नव्हता. जे दिसतं ते समजून घेणारी मेंदूतली जागाच गाठीखाली दबली होती. ऑपरेशन झालं. वाचतील की नाही, हे कितीतरी दिवस कुणी सांगू शकत नव्हतं. इकडे परीक्षा दारात आली होती. तेव्हा जरीनाच माझ्यासमोर उभी राहू लागली. तिचं अक्षर सरांसारखं नव्हतं, वर्गमूळाची चोच वाकडी यायची. पण ती माझ्या शेवटच्या कडेपर्यंत लिहायची आणि शेवटच्या कडेपर्यंत पुसायची. जोतीरामनं पहिल्या दिवशी उठून तिला विचारलं, "छपराखाली कोण?" आणि सगळा वर्ग आधी हसला, मग रडवेला झाला.

ती दोघं पास झाली. चांगली पास झाली.

सर परत आले ते पावसाळ्यात. डोक्यावर टोपी, हातात काठी, अंग निम्मं झालेलं. उजवी बाजू परत आली नाही, ती येणारच नव्हती. पण ते मान वळवायला शिकले. आणि एक नवी गोष्ट त्यांनी सुरू केली. प्रत्येक उदाहरण लिहून झालं की वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, "माझं काय सुटलंय?" जो दाखवून देईल त्याला उभं करून शाबासकी. लहानथोर कुणी असो. सुरुवातीला पोरं बिचकली. मग त्यांना सवय झाली. हळूहळू बाक पुन्हा भरले. ज्यांनी पिण्याच्या गोष्टी केल्या होत्या, त्यांचीही मुलं आली. सरांनी कुणाला काही ऐकवलं नाही.

पण मी फळा आहे, मित्रांनो. हाताचं वजन मला सगळ्यांच्या आधी कळतं. दोन-तीन वर्षांनी एका सकाळी ते वजन पुन्हा बदललं. खडू हलका टेकायला लागला, मग घसरायला लागला. अक्षरं ओळ सोडून खाली उतरू लागली. या वेळी सरांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनीच काकींना सांगितलं. गाठ पुन्हा आली होती आणि डॉक्टरांनी हात जोडले होते.

शेवटच्या दिवशी वर्ग नव्हता. सर एकटेच यायला निघाले होते, पण जिना चढवेना, म्हणून काकींनी आणि जरीनानं त्यांना धरून वर आणलं. जरीना तेव्हा एका शाळेत गणित शिकवायला लागली होती. सर माझ्यासमोर उभे राहिले. हातात खडू होता. त्यांनी तो माझ्यावर टेकवला, पण हात हलेना. खिडकीतून ऊन येत होतं. मी पूर्ण कोरा होतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"जरीना," सरांनी विचारलं, "माझं काय सुटलंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सरांच्या उजव्या बाजूनं फिरून ती त्यांच्या डाव्या बाजूला आली, त्यांना दिसेल अशी उभी राहिली.

"काही न्हाई सर," ती म्हणाली. "अजून सुरुवातच करायचीय."

सरांनी मान डोलावली आणि खडू तिच्या हातात दिला.

सर गेल्यावर ती खोली दुसऱ्या कुणी घेतली. भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत फळा केला आणि मी खाली उतरलो. मला कुणी फेकलं नाही, कुणी जपलंही नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंचं असंच होतं आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. वाळवी आली तर येऊ द्या. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं, वर्गातलं, शेजारचं एखादं माणूस एक दिवस चुकायला लागेल. विनाकारण चिडेल, समोर ठेवलेली वस्तू नाही म्हणेल. तेव्हा हसू नका आणि ताट फिरवून गप्पही बसू नका. ते रागावलं तरी त्याचा हात धरा आणि रेघ संपते तिथवर त्याच्याबरोबर चालत जा.